एका थेंबाची वंशावळ

वाशीमचे जुने नाव वत्सगुल्म. आज एस. टी. स्थानकावर उतरणाऱ्या प्रवाशाला हे नाव सांगितले, तर तो आपल्याकडे जरा चमकूनच पाहील. परंतु सोळा शतकांपूर्वी येथे वाकाटकांच्या एका शाखेची राजधानी होती, आणि येथून राजाज्ञा सुटत असत. त्यांपैकी एक आज्ञा १९३९ साली ताम्रपटाच्या रूपाने उजेडात आली. य. खु. देशपांडे आणि महाजन या दोघा संशोधकांनी ती प्रसिद्ध केली. राजा दुसरा विंध्यशक्ती. त्याच्या कारकिर्दीचे वर्ष सदतिसावे. वंशाचे वर्णन संस्कृतात आणि पुढचा व्यवहार प्राकृतात. एवढ्या एका ताम्रपटाने वाकाटकांची एक संपूर्ण शाखा इतिहासाला नव्याने कळली.

ही गोष्ट मला शाळेत शिकविली ती आमच्या गुरुजींनी. रिसोड तालुक्यातील आमच्या गावच्या शाळेत ते इतिहास शिकवीत. पुस्तकात ताम्रपटावर दोन ओळीही नसतील. गुरुजी त्यावर दोन तास बोलत. ते म्हणत, "राजा चेहऱ्यावरून ओळखत नाहीत रे. मुकुट कोणीही घालतो. ताम्रपटात बाप कोण, आजा कोण, ते पाहायचे. वंश लागला की राजा सापडला."

माझे स्वतःचे शिक्षण मॅट्रिकपाशीच थांबले. एका खासगी शाळेत पोटापुरते शिकवावे आणि रात्री कादंबऱ्या लिहाव्यात, असा माझा व्यवसाय. अशा माणसाने वैद्यकाच्या इतिहासावर लिहिणे म्हणजे पायरी सोडणेच होय. पण गुरुजींच्या डोळ्याने मला तो इतिहास वाचावयास लावला, आणि वाचता वाचता असे दिसले की गुरुजींनी ताम्रपटासंबंधी जे सांगितले होते, तेच जगातल्या मोठमोठ्या वैद्यांना एका डोळ्याच्या रोगासंबंधी शिकावयास शंभरावर वर्षे लागली. चेहऱ्यावर जाऊ नका, वंश पाहा.

२०२१ च्या दिवाळीनंतरची गोष्ट. सोयाबीन घरात येऊन पडले होते. गुरुजींनी वयाची सत्तरी ओलांडली होती, पण वाचन सुटले नव्हते. एके सकाळी त्यांनी मला बोलावून पुस्तकातला एक परिच्छेद वाचून दाखवावयास सांगितले. मला नवल वाटले. माई आतून म्हणाल्या, "पाय ना बाप्पा, आठ दिवसांपासून डोयापुढं धुकं धुकं म्हणून राह्यले, अन् सांगत कोनालेच नाहीत!"

उजव्या डोळ्यापुढे काळे ठिपके तरंगत होते आणि सगळे धुरकट दिसत होते. मोतीबिंदू असेल म्हणून आम्ही त्यांना मोठ्या गावी नेले. मोतीबिंदू नव्हता. डोळ्याच्या आत सूज आहे, असे सांगण्यात आले. थेंब मिळाले, गोळ्या मिळाल्या. त्या गोळ्यांत स्टेरॉइड होते. पंधरा दिवसांत धुके विरले आणि गुरुजी पुन्हा वाचू लागले. आम्ही पेढे वाटले. दोन महिन्यांनी धुके परतले. पुन्हा गोळ्या, पुन्हा आराम, पुन्हा धुके. मग दुसऱ्या शहरात दुसरे डॉक्टर. क्षयाचा डोळ्यावर परिणाम असावा, असा त्यांचा तर्क झाला. तोही चुकीचा म्हणता येत नाही. आपल्या देशात डोळ्याच्या आतल्या सुजेमागे क्षय पुष्कळदा सापडतो. क्षयाची औषधे चालू झाली, जोडीला स्टेरॉइड. पुन्हा थोडा आराम. एवढ्यात डावाही डोळा धुरकटू लागला.

असे चौदा महिने गेले. शेवटी आमच्याच भागात नुकत्याच आलेल्या एका तरुण नेत्रवैद्याने गुरुजींचे सगळे कागद तारखेप्रमाणे लावून पाहिले. त्याने डोळ्यात डोकावण्याआधी कागद वाचले, याचे मला आजही कौतुक वाटते. तो म्हणाला, "गुरुजी, सूज इतक्या वेळा बरी होऊन इतक्या वेळा परत येत नाही. या वयात तर नाहीच. हा कोणी बहुरूपी असावा."

बहुरूपी म्हणताच गुरुजी हसले. आमच्या लहानपणी सुगी संपली की बहुरूपी गावात येई. कधी फौजदाराचे सोंग, कधी वैद्याचे. फौजदार होऊन आला की भल्याभल्यांची पाचावर धारण बसे. सोंग उतरले म्हणजे कळे, की हा तर पोट भरण्यासाठी दारोदार फिरणारा साधा माणूस. या रोगाचे उलटे आहे. तो येतो सुजेचे साधे सोंग घेऊन, आणि आत असतो कॅन्सर. इंग्रजी वैद्यकातही अशा रोगांना सोंगाचेच नाव दिलेले आहे. या सोंगाड्याचे खरे नाव लिम्फोमा.

लिम्फोमा म्हणजे रक्तातल्या पांढऱ्या पेशींपैकी एका जातीचा कॅन्सर. या पेशी शरीराच्या शिपाई. जंतू आले की धावून जाव्यात आणि काम झाले की परत फिरावे, हा त्यांचा धर्म. त्यांच्यातील एखादी बिघडते आणि आपल्यासारख्याच पेशींची बेसुमार पैदास करू लागते. लंडनच्या गाइज रुग्णालयातील टॉमस हॉजकिन याने १८३२ साली गाठी आणि प्लीहा वाढलेल्या काही रोग्यांचे वर्णन लिहिले, तेथून या रोगांचा लेखी इतिहास सुरू होतो. पुढे १८५८ साली जर्मनीत फिर्खो या पंडिताने आपला पेशीसिद्धान्त मांडला. प्रत्येक पेशी ही दुसऱ्या पेशीपासूनच जन्मते, आभाळातून पडत नाही, असे त्याचे सांगणे. म्हणजे प्रत्येक पेशीला बाप आहे, आजा आहे. वंशावळीचे बीज तेथेच पडले होते. पण ती वंशावळ वाचावी कशी, हे त्या काळी कोणालाच ठाऊक नव्हते.

डोळ्यात डोकावण्याचे साधन हेल्महोल्ट्झने १८५१ मध्ये जगापुढे ठेवले. त्या लहानशा आरशाने जिवंत माणसाच्या डोळ्याचा मागचा पडदा प्रथम दिसू लागला. पण दिसणे निराळे आणि ओळखणे निराळे. पडद्यापुढचा जेलीसारखा पारदर्शक रस गढूळ झाला, तर तो कशाने झाला हे आरसा सांगत नाही. शिपाई धावून आल्यानेही रस गढूळ होतो आणि शिपायांतच बंड झाल्यानेही होतो. बाहेरून दोन्ही दृश्ये सारखीच. डोळ्याच्या आतल्या लिम्फोमाचे पहिले वर्णन वैद्यकीय नियतकालिकात आले ते १९५१ साली, म्हणजे आरशानंतर बरोबर शंभर वर्षांनी. त्या वेळी त्याचे नावही दुसरेच होते. ही बिघडलेली पेशी कोणत्या कुळातली, याचाच घोळ होता. म्हणून त्याला 'रेटिक्युलम पेशींचा सार्कोमा' म्हणत. अजिंठ्याच्या सोळाव्या लेण्यातील झिजलेल्या लेखात वत्सगुल्माचे राजे होतेच. पण नावे नीट वाचली न गेल्यामुळे त्यांना भलत्याच शाखेत नेऊन बसविले होते. तसाच हा प्रकार.

दुसरी अडचण नमुन्याची. कॅन्सरची शंका आली की डॉक्टर तुकडा काढून तपासणीला पाठवितात. मांडीवरच्या गाठीचा तुकडा काढता येतो. डोळ्याचा कसा काढणार? त्या आतल्या रसाला हात लावणे म्हणजे डोळा गमावणे, अशीच नेत्रवैद्यांची दीर्घकाळ समजूत होती. हा धाक मोडला १९७० साली. जर्मनीत जन्मलेल्या आणि अमेरिकेत मायामी येथे काम करणाऱ्या रॉबर्ट माखेमेर याने डोळ्याच्या पांढऱ्या भागातून बारीक उपकरण आत घालून तो रस कापून ओढून घेण्याची शस्त्रक्रिया सुरू केली. आज ही शस्त्रक्रिया आपल्याकडच्या मोठ्या शहरांत नित्य होते. साऱ्या डोळ्यात हा रस सुमारे चार मिलिलिटर, म्हणजे चहाचा चमचाही भरत नाही. त्यातून तपासणीसाठी निर्भेळ असा एखादा मिलिलिटर मिळतो. साऱ्या निदानाची मदार त्या थेंबभर रसावर.

या थेंबातल्या पेशी सूक्ष्मदर्शकाखाली पाहून ओळखावयाच्या, ही विकृतिशास्त्रज्ञाची विद्या. आपल्या महाराष्ट्रात या विद्येचा पाया घातला डॉ. वसंत रामजी खानोलकर यांनी. २८ फेब्रुवारी १९४१ रोजी मुंबईत टाटा स्मारक रुग्णालय उघडले, तेव्हा तेथील प्रयोगशाळा त्यांच्या हाती होत्या. १९४५ साली त्यांनी आणि डॉ. सूर्याबाई यांनी, चालीरीतींमुळे होणारे तीन प्रकारचे कॅन्सर जगाच्या नजरेस आणून दिले. त्यांत धोतराच्या कमरेवरील घट्ट गाठीच्या घर्षणाने होणारा एक होता. कॅन्सर हा नुसता पाहावयाचा नाही, तो कोठून आला हे विचारावयाचे, ही शिस्त त्यांनी लावली. १९५२ साली भारतीय कर्करोग संशोधन केंद्र त्यांच्याच मार्गदर्शनाखाली उभे राहिले. त्यांच्या शिष्या डॉ. कमल रणदिवे, माहेरच्या समर्थ, पुण्यात १९१७ साली जन्मलेल्या. अमेरिकेत जॉर्ज गाय यांच्याकडे शिकून येऊन त्यांनी याच केंद्रात शरीराबाहेर पेशी जिवंत ठेवून वाढविण्याची प्रयोगशाळा उभारली. पेशी ही बाटलीत टाकून ठेवण्याची वस्तू नव्हे. तिला अन्न लागते, ऊब लागते, नाहीतर ती मरते, हे ज्ञान या देशात त्यांच्यासारख्यांनी रुजविले.

डोळ्याच्या लिम्फोमात हेच ज्ञान निर्णायक ठरते. या पेशी फार नाजूक. डोळ्यातून रस काढल्यावर वेळ गेला की त्या विरघळू लागतात. त्यातून रोग्याने स्टेरॉइड घेतलेले असेल, तर पुष्कळशा आधीच मेलेल्या असतात. कारण स्टेरॉइड सूज तर उतरवितेच, पण लिम्फोमाच्या पेशींनाही काही काळ मारते. येथे या रोगाची लबाडी पूर्ण होते. औषधाने बरे वाटते म्हणून सूजच असावी असे वाटते, आणि तेच औषध चोराच्या पावलांचे ठसे पुसून टाकते.

गुरुजींचे नेमके असेच झाले. त्या तरुण वैद्याच्या सांगण्यावरून आम्ही नागपूर गाठले. उजव्या डोळ्यातून रस काढला, आणि दहा दिवसांनी अहवाल आला: पेशी थोड्या, बहुतेक मृत, निश्चित काही सांगता येत नाही. गोळ्या चालू असतानाच रस काढला गेला होता. मला संताप आला. चौदा महिने गेले, डोळ्याला शस्त्र लागले, आणि हाती काय, तर 'सांगता येत नाही'! गुरुजी मात्र म्हणाले, "झिजलेला लेख आहे. ठसा नीट आला नाही, तर पुन्हा घ्यावा लागतो."

गोळ्या थांबविल्या. काही आठवडे धुके दाटू दिले. ते आठवडे माईंनी कसे काढले, ते मी पाहिले आहे. मग डाव्या डोळ्यातून रस घेतला आणि तो ताबडतोब थंडाव्यात ठेवून मुंबईस गेला. या वेळी नुसते पेशींचे चेहरे पाहावयाचे नव्हते. मुंबईच्या एका डॉक्टरीणबाईंनी मला, एका मॅट्रिक मास्तराला, तासभर बसवून हे सारे समजावून सांगितले. तेच आता माझ्या भाषेत सांगतो.

वाचकांपैकी कोणी त्र्यंबकेश्वरास गेले असतील, तर तेथील तीर्थोपाध्यायांच्या वह्या त्यांनी पाहिल्या असतील. आपले गाव आणि आडनाव सांगावे, की उपाध्याय पणजोबांचे नाव काढून दाखवितो. आपल्या शरीरातल्या शिपाई पेशींपैकी बी नावाची जी जात आहे, तिच्यातही प्रत्येक पेशीजवळ अशी एक नोंद असते. तरुणपणी प्रत्येक बी पेशी आपल्या डी. एन. ए. मधील काही तुकडे कापते आणि नव्याने जोडते. जोड प्रत्येकीचा वेगळा. जणू ताम्रपटावरची राजमुद्रा, ज्याची त्याला. जपानचे सुसुमु टोनेगावा यांनी स्वित्झर्लंडमध्ये बाझेल येथे काम करीत असताना १९७६ साली ही तोडजोड प्रयोगाने दाखविली, आणि १९८७ साली त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. त्या वेळी ते जंतूंशी शरीर इतक्या नाना प्रकारे कसे लढते, हे कोडे सोडवीत होते. त्याच उत्तरातून पुढे डोळ्यातल्या सोंगाड्याची मुद्रा हाती लागली.

कारण असे, की या पेशीची मुद्रा तिच्या मुलांनातवंडांना जशीच्या तशी मिळते. आता डोळ्यात नुसती सूज असेल, तर आलेल्या पेशी नाना कुळांतल्या असतात. रामनवमीला आमच्या जिल्ह्यातील पोहरादेवीस जत्रा भरते. दूरदूरच्या तांड्यांतून बंजारा समाज लोटतो. त्या गर्दीत कोणी कोणाचा सख्खा भाऊ असेलच असे नाही. पण एखाद्या गर्दीत शिरून पाहावे आणि प्रत्येकाचा खापरपणजा एकच निघावा, तर ती जत्रा नव्हे. ते एकच वाढलेले घराणे. लिम्फोमा म्हणजे असे एका पूर्वजाचे घराणे. मुद्रा मोजा, अनेक निघाल्या तर सूज, एकच निघाली तर लिम्फोमाचा संशय बळावतो. चेहरा पाहण्याचे कारण नाही.

पण थेंबभर रसातल्या मूठभर पेशींच्या मुद्रा वाचावयाच्या कशा? येथे अमेरिकेतील कॅरी मलिस यांची युक्ती उपयोगी पडली. १९८३ साली त्यांना ती सुचली आणि १९९३ साली तिला नोबेल पारितोषिक लाभले. पी. सी. आर. हे तिचे नाव करोनाच्या साथीत खेडोपाडी पोचले. त्यामागचे मर्म मात्र पोचले नाही. डी. एन. ए.चा हवा तो तुकडा तापवून उलगडावा, त्याची प्रत करावी. मग दोन्हींच्या प्रती कराव्यात, मग चारींच्या. बुद्धिबळाच्या पटावर घराघराला दुप्पट दाणे मागणाऱ्याची गोष्ट आपण लहानपणी ऐकलेली आहे. अशा तीस फेऱ्या झाल्या, की एकाचे शंभर कोटींहून अधिक होतात. मग त्या प्रती लांबीप्रमाणे वेगळ्या केल्या, म्हणजे जत्रेच्या नमुन्यात अनेक लहानमोठ्या लांब्या पसरलेल्या दिसतात, आणि घराण्याच्या नमुन्यात एकच ठळक रेघ उमटते.

दुसरा पुरावा बोलीचा. वऱ्हाडी माणूस पुण्यात कितीही जपून बोलला, तरी दोन वाक्यांत ओळखू येतो. पेशीही आपापसांत काही द्रव्ये सोडून बोलतात. सुजेच्या पेशी इंटरल्यूकिन-६ नावाचे द्रव्य जास्त सोडतात, तर बिघडलेल्या बी पेशी इंटरल्यूकिन-१० जास्त सोडतात. अमेरिकेच्या राष्ट्रीय नेत्रसंस्थेतील डॉ. ची-चाओ चॅन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९५ साली डोळ्यातल्या रसात हा फरक दाखवून दिला. दहा नंबरचे द्रव्य सहा नंबरच्यापेक्षा वरचढ झाले, की वैद्याने सावध व्हावे. पेशी मेल्या, तरी त्यांनी बोललेले शब्द काही काळ रसात राहतात, हा या परीक्षेचा मोठा गुण.

तिसरा पुरावा एका अक्षराचा, आणि तो मला सर्वांत अद्भुत वाटतो. पेशीत माय-डी-८८ नावाचे एक प्रथिन आहे. जंतू आल्याची वर्दी आतपर्यंत पोचविणे हे त्याचे काम; गावच्या कोतवालाने दवंडी पिटावी तसे. दवंडी पिटून झाली, की कोतवालाने गप्प बसावयाचे. या प्रथिनाच्या साखळीत २६५ व्या जागी ल्युसिन नावाचा मणी असतो. डी. एन. ए.मध्ये तो सी-टी-जी या तीन अक्षरांनी लिहिलेला आहे. मधल्या टीच्या जागी सी पडला, की सी-सी-जी होते आणि ल्युसिनच्या जागी प्रोलिन येते. एवढ्याने कोतवालाची दवंडी थांबेनाशी होते. पेशी वाढतच जाते. ही चूक काही जातींच्या लिम्फोमात असते, हे २०११ साली कळले. २०१५ साली जर्मनीतील ट्यूबिंगेनच्या संशोधकांनी डोळ्यातल्या लिम्फोमाचे नमुने याच अक्षरासाठी तपासले, आणि सुमारे दोनतृतीयांशांत ती चूक सापडली. सुजेच्या पेशींत ती आढळत नाही. पुढे या शोधाची धार अशी वाढली, की मेलेल्या पेशींतून रसात सांडलेल्या डी. एन. ए.च्या कणांतही हे अक्षर वाचता येऊ लागले. २०१८ पासून तर डोळ्याच्या पुढच्या भागातील पाण्याच्या एका लहानशा थेंबातही ते सापडल्याची उदाहरणे प्रसिद्ध झाली. त्या थेंबाला मोठी शस्त्रक्रियाही लागत नाही. बारीक सुई पुरते.

गुरुजींच्या डाव्या डोळ्यातील थेंबाने तिन्ही साक्षी दिल्या. मुद्रा एकच. बोली दहा नंबरची. आणि २६५ व्या जागी टीऐवजी सी. सूक्ष्मदर्शकाखालीही या वेळी काही जिवंत, मोठ्या, वेड्यावाकड्या पेशी सापडल्या. चेहरा आणि वंश यांचा मेळ बसला.

अहवाल घेऊन मी गुरुजींच्या खाटेशी बसलो. वाईट बातमी सांगण्याची कला मला येत नाही. कादंबरीत मी ती पात्रांवर सोपवितो. मी त्यांना ताम्रपटाच्या भाषेत सांगत गेलो. त्यांनी सगळे ऐकले आणि विचारले, "म्हणजे अमुक एका दिवशी, कोठल्या तरी एका पेशीत, एक अक्षर चुकले. आणि ही सारी प्रजा तिची?" मी होय म्हटले. ते थोडा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "बरे झाले. निदान कोणाशी लढायचे, त्याचे नाव तरी कळले."

नाव कळल्याने काय होते, असे कोणी विचारील. पुष्कळ होते. डोळ्यातला हा लिम्फोमा डोळ्यापुरता राहत नाही. निम्म्याहून अधिक रोग्यांत तो पुढेमागे मेंदूत उतरतो. कधी मेंदूत आधी असतो आणि डोळ्यात नंतर दिसतो. म्हणून नाव कळताच गुरुजींच्या मेंदूचा एम. आर. आय. झाला. मेंदू स्वच्छ होता. सुजेच्या औषधांऐवजी कॅन्सरची औषधे सुरू झाली. मेथोट्रेक्सेट हे त्यांतले मुख्य, काही डोळ्यात टोचून आणि काही शिरेतून. धुके मागे सरले. डाव्या डोळ्याने ते मोठ्या अक्षरांचे वाचू शकतात. उजव्याचा पडदा त्या चौदा महिन्यांत खराब झाला, तो झाला. दर काही महिन्यांनी मेंदूची तपासणी करावी लागते, आणि तपासणीच्या आदल्या रात्री माई देवापाशी निरंजन विझू देत नाहीत.

या परीक्षा म्हणजे देववाणी नव्हे, हेही सांगितले पाहिजे. पेशी फारच थोड्या असतील, तर मुद्रांची परीक्षा फसते. जत्रेतली दोनच माणसे पकडली आणि ती योगायोगाने भाऊ निघाली, तर साऱ्या जत्रेला एक घराणे म्हणण्यासारखे ते होईल. माय-डी-८८ची चूक सर्वच रोग्यांत नसते; ती सापडली नाही म्हणून रोग नाही, असे म्हणता येत नाही. म्हणून शहाणा वैद्य एका साक्षीवर निकाल देत नाही. चेहरा, मुद्रा, बोली, अक्षर आणि रोग्याची कहाणी अशा साऱ्या साक्षी एकत्र लावतो. मिराशींनी वाकाटकांचा इतिहास लावला तो असाच. वाशीमचा ताम्रपट मिळाल्यावर ते पुन्हा अजिंठ्याच्या लेखाकडे वळले, आणि सर्वसेनाचे नाव तेथे आधीपासूनच होते, हे त्यांनी दाखवून दिले. पुढे आला तो पुरावा नवा होता; लेख जुनाच होता. त्यात पाहणारी दृष्टी मात्र बदलली होती.

हा सगळा इतिहास वाचून माझ्या मनात एक गोष्ट पक्की झाली. हॉजकिनपासून आजपर्यंतच्या साऱ्या विद्येचा गुरुजींना उपयोग झाला, तो एका तरुण वैद्याला शंका आली म्हणून. मुंबईची यंत्रे चौदा महिने तयारच होती. रिसोड तालुक्यातील एका म्हाताऱ्याचा थेंब त्यांच्यापर्यंत पोचत नव्हता, कारण तो तेथे पाठवावा असे कोणाला वाटलेच नव्हते. यंत्र साक्ष देते. फिर्याद माणसालाच करावी लागते. साठीपुढच्या माणसाच्या डोळ्यात सूज परत परत येत असेल, स्टेरॉइडने निवते आणि सोडले की उसळते असे होत असेल, तर त्याच्या मुलाने, सुनेने, शेजाऱ्याने डॉक्टरांना आदराने पण निश्चयाने एक प्रश्न विचारावा: हे सोंग तर नाही? एवढा प्रश्न विचारण्यास मॅट्रिकही व्हावे लागत नाही.

हा लेख छापावयास देण्यापूर्वी मी गुरुजींना वाचून दाखविला. पहिल्या खर्ड्यात त्या चौदा महिन्यांविषयी मी फार कडक लिहिले होते. डॉक्टरांनी घोडचूक केली, अशा अर्थाची दोन वाक्ये होती. गुरुजींनी मला थांबविले. म्हणाले, "ती वाक्ये काढ. वाचन चुकले, असे लिही. झिजलेला लेख चुकीचा वाचला, म्हणून आपण कोणाला फाशी देत नाही. पुन्हा वाचणारा मिळाला नाही, तर मात्र ते पाप." मी म्हटले, "गुरुजी, पण डोळा तुमचा गेला." त्यावर ते म्हणाले, "म्हणूनच माझे ऐक."

ती वाक्ये मी काढली. राग मात्र अजून पुरता गेलेला नाही. तो मी त्यांना सांगितला नाही. पुढच्या आठवड्यात पुन्हा तपासणी आहे. यंदाही दिवाळी आणि सोयाबीनची मळणी एकदमच आली आहे. माईंनी ओसरीत पणत्या मांडल्या आहेत, आणि गुरुजी डावा डोळा बारीक करून त्या मोजीत बसले आहेत.